मदत हवी आहे: स्कीइंगला जायचंय, आठ जण आणि हातात फक्त 4 दिवस

नमस्कार मंडळी,
आमच्यातले दोघं पट्टीचे, तिघांना कसंबसं वळता-थांबता येतं आणि उरलेल्या तिघांनी स्की कधी पायात घातलेल्याच नाहीत. (मी या शेवटच्यांत.)

नवख्यांनी पहिले 2 दिवस सकाळी प्रशिक्षकाकडे शिकायचं, हे पक्कं. मित्राकडून शिकायला गेलं की भांडणंच होतात! पण मग सगळे एकत्र कधी येणार? एकाच लिफ्टच्या वरच्या टोकापासून सोपा आणि अवघड असे दोन्ही उतार खाली येतात, अशी जागा शोधावी का?

दुसरं, बूट. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकावीत, टाच मात्र हलू नये, एवढं कळलंय. भाड्याचे बूट आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवता येतात का? पहिली सकाळ रांगेत गेली तर अर्धा दिवस बुडालाच.

मुक्काम 2500 मीटरच्या वर असेल तर पहिल्या दिवशी कितपत दमावं? आणि विमा घेताना उतारावरून उचलून आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे कुठे बघायचं?

असा मिश्र गट कुणी नेला असेल तर दिवस कसे आखले होते ते सांगा ना.