टोमॅटोच्या पानावरची लव

उग्र वासामुळे टोमॅटोला कीड लागत नाही, असं बरेच जण म्हणतात. वास खरा आहे, पण तो येतो कुठून ते बघा. कोवळा शेंडा बोटांत हलकेच चोळलात तर बोटं हिरवट-पिवळी आणि चिकट होतात. पानावरच्या बारीक लवेतल्या ग्रंथी फुटून तो रस बाहेर येतो आणि मावा, पांढरी माशी यांचे पाय त्यात अडकतात. पेरूकडच्या सोलॅनम पेनेली या रानटी जातीत हा चिकटपणा आपल्या लागवडीच्या वाणांपेक्षा कितीतरी जास्त असतो. मोठ्या फळाच्या मागे लागून ही राखण बरीच मागे पडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याहून भन्नाट म्हणजे, अळीने एक पान कुरतडलं की झाड प्रथिनांचं पचन रोखणारे पदार्थ तयार करतं, तेही न खाल्लेल्या पानांतसुद्धा! ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी हे १९७२ मध्ये दाखवलं. अळीच्या अंगी खाल्लेलं लागत नाही, तिची वाढ खुंटते. फळ पोखरणारी अळी मात्र चिवट. ती आपली पाचक विकरंच बदलते. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) यावर बरंच काम झालंय.

२०१४ मध्ये पुणे भागात आलेली टूटा नागअळी तर पानाच्या आत शिरते, तिथे लवेचं काही चालत नाही. जुन्नर-नारायणगावकडे लावणी करणाऱ्यांनी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावाच, आणि युरियाला हात आखडता घ्या. लुसलुशीत पाल्यावर मावा आधी येतो.