वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या नहाणीतून गुडगुड आवाज आणि दुर्गंधी

प्रश्न:
आमचे घर दुमजली असून दोन्ही मजल्यांवरील शौचालये व न्हाणीघरे एकाच ४ इंची उभ्या पाइपला जोडलेली आहेत, आणि तो पाइप मागील अंगणातल्या सेप्टिक टाकीत जातो. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर पत्र्याची शेड घातली, तेव्हापासून वर फ्लश केले की खालच्या नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीघराच्या जाळीखालचा, थोडे पाणी धरून ठेवणारा भाग) गुडगुड आवाज येतो आणि थोड्या वेळाने घाण वास पसरतो. प्लंबरने दोनदा पाइप साफ केला, परंतु फरक पडला नाही. टाकीही नुकतीच उपसलेली आहे.

पहिला प्रतिसाद:
शेड घालताना गच्चीवर आलेले त्या उभ्या पाइपचे वरचे टोक कापून त्याला टोपी बसवली आहे का, हे कृपया आधी पाहावे. फ्लशचे पाणी उभ्या पाइपातून वेगाने खाली उतरते तेव्हा त्याच्या मागे पोकळी निर्माण होते आणि ती भरण्यासाठी वरून हवा यावी लागते. वरचे तोंड बंद असेल, तर ती हवा जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि जाताना ट्रॅपमधले पाणीही घेऊन जाते. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाण्याचा थर असतो आणि टाकीतला वायू घरात येण्यापासून अडवणारे तेवढेच काय ते असते. म्हणून पाइप कितीही साफ केला तरी उपयोग होणार नाही. टोपी काढून वरून दोन-तीन वेळा फ्लश करावे आणि खालच्या ट्रॅपमधील पाण्याची पातळी काडीने मोजावी. टोपी काढताना जवळ काडी पेटवू नये, कारण त्या वायूत मिथेन असतो.

दुसरा प्रतिसाद:
वरील मताशी सहमत आहे, मात्र टोपी काढून पाइप शेडखालीच उघडा ठेवू नये, नाहीतर वास तिथे कोंडेल. पत्र्याला भोक पाडून पाइप त्याच ४ इंची मापात छपराच्या वर, खिडक्यांपासून दूर न्यावा, भोकाभोवती पावसाळ्यापूर्वी नीट सीलंट भरावे आणि टोकाला काउल (हवा जाऊ देणारे झाकण) बसवावे. काउलला बारीक जाळी बांधणे अत्यावश्यक आहे. सेप्टिक टाकीत क्यूलेक्स डासांची पैदास होते आणि ते याच वाटेने बाहेर पडतात. जाळीवर धूळ व कोळिष्टके साचली की हवा पुन्हा अडते, त्यामुळे ती अधूनमधून झटकावी. पन्हाळीचे पाणी या पाइपात कधीही सोडू नये.

तिसरा प्रतिसाद:
नहाणी ट्रॅपच्या आतली, पाण्याचा थर राखणारी वाटी जागेवर आहे ना, हेही पाहून घ्यावे. साफसफाईच्या वेळी ती काढली जाते आणि पुष्कळदा परत बसवायची राहून जाते.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाटी जागेवर होती, पण पाइप खरोखरच शेडच्या खाली कापून टोपीने बंद केलेला आढळला. टोपी काढताच आवाज थांबला आणि चार वेळा फ्लश करूनही ट्रॅपमधील पाणी हलले नाही. छपराबाहेर पाइप नेण्याचे काम रविवारी करून घेत आहोत.