जुनी ईआरपी आणि गोदामाची नवी प्रणाली जोडताना सोप, रेस्ट की जीआरपीसी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा संगणक विभाग मी सांभाळते. आमची जुनी ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली) बाहेरच्या प्रणालींशी फक्त सोपच्या, म्हणजे ठरावीक साच्यातल्या एक्सएमएल संदेशांच्या, सेवांमधून बोलते, तर वर्धा मार्गावरच्या गोदामासाठी घेतलेली नवी प्रणाली रेस्ट पद्धतीने, म्हणजे साध्या वेब विनंत्यांतून, जेसन या मजकूर स्वरूपातल्या माहितीचीच देवाणघेवाण करते. या दोन्ही प्रणाली जोडायच्या आहेत आणि हा निर्णय पुढची अनेक वर्षे निभवावा लागणार आहे.

काही सहकाऱ्यांच्या मते सगळेच जीआरपीसीवर न्यावे. दुसऱ्या संगणकावरचे फंक्शन थेट बोलावण्याचे, २०१५ मध्ये गूगलने खुले केलेले हे तंत्र एचटीटीपी/२ (वेबच्या संपर्क-नियमांची पुढची आवृत्ती) आणि प्रोटोकॉल बफर्स या आटोपशीर द्विमान स्वरूपामुळे वेगवान आहे, हे मान्य. पण आमच्याकडे संदेशांची गर्दी नाही, ब्राउझरमधून ते थेट वापरता येत नाही आणि वाहतूकदारांपासून ई-वे बिलापर्यंत बाकी सगळा व्यवहार जेसनमध्येच चालतो. ग्राफक्यूएलचा (हवी तेवढीच माहिती मागवण्याच्या भाषेचा) प्रश्न मी बाजूला ठेवला आहे, कारण आमचे काम माहिती निवडून वाचण्याचे नसून नोंदी लिहिण्याचे आहे. त्यामुळे ईआरपीला हात न लावता तिच्यापुढे रेस्टचा एक पातळ थर उभा करावा, आणि डब्ल्यूएसडीएलमुळे (सोप सेवेच्या यंत्राला वाचता येणाऱ्या वर्णनामुळे) आज जी शिस्त मिळते ती सुटू नये म्हणून ओपनएपीआयचा, म्हणजे रेस्ट सेवेच्या तशाच वर्णनाचा, करार आधी लिहून मगच काम सुरू करावे, असे माझे मत झाले आहे.

खरी अडचण पुढे आहे. चाचणीत गोदामाने मालाच्या आवकेची नोंद पाठवली, ईआरपीने ती लिहूनही घेतली, पण उत्तर पोहोचण्याआधी जोडणी तुटली. टाइमआउट झाल्यावर (उत्तराची ठरलेली मुदत संपल्यावर) गोदामाच्या प्रणालीने तीच नोंद पुन्हा पाठवली आणि एकाच चलानावरचे दोनशे बेअरिंग स्टॉकमध्ये चारशे दिसू लागले. एचटीटीपीच्या नियमांनुसार पुट (ठरावीक पत्त्यावरची नोंद ठेवण्याची किंवा बदलण्याची विनंती) पुन्हा पाठवला तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहायला हवा. पोस्टला (माहिती प्रक्रियेसाठी पाठवण्याच्या विनंतीला) तशी हमी नाही. सोपसाठी संदेश खात्रीने पोहोचवण्याचे डब्ल्यूएस-रिलायबलमेसेजिंग हे मानक आहे, परंतु आमच्या ईआरपीत त्याची सोय नाही.

म्हणून चलान क्रमांक आणि ओळ क्रमांक मिळून एक कायमची किल्ली करायची, ती मधल्या थराच्या तक्त्यात नोंदवायची आणि तीच किल्ली पुन्हा आली तर आधीचे उत्तर परत द्यायचे, असा विचार आहे. मात्र टाइमआउट मधला थर आणि ईआरपी यांच्यातच झाला, तर नोंद लिहिली गेली की नाही हे थरालाही कळत नाही. चलानावरून नोंद शोधण्याची सेवा ईआरपीत आहे, पण ती फार संथ आहे.

अशा वेळी थराने लगेच २०२ (विनंती स्वीकारली, काम अजून बाकी) हे उत्तर देऊन नोंद रांगेत ठेवावी आणि ईआरपीशी पडताळणी मागाहून करावी का? तसे केल्यास फाटकावर ट्रक खोळंबलेला असताना गोदामातल्या माणसाला पडद्यावर नेमके काय दाखवावे? जुन्या सोप सेवांपुढे असा थर प्रत्यक्ष चालवलेल्यांचे अनुभव कळले, तर फार मदत होईल.