३२ ला ठरलं अन् दारात ३७ आले, काय करावं?

दुधनाकाठ (परतूर), शुक्रवार रात्री
आमच्याकडं नऊ फणांचं जुनं पेरणी यंत्र आहे, ट्रॅक्टरचं. मागच्या साली ट्रॅक्टर विकला, तवापासून हे गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली पडून. मंगळवारी सेलूकडचे एक जण भाच्याला घेऊन बघायला आले. नळ्या ओढून बघितल्या, चाक फिरवलं. खताच्या पेटीचा तळ गंजला होता, तिथं मी पत्रा मारून वेल्डिंग केलंय, तेबी मीच दाखवलं. ते २८ म्हणले, मी ३५. बुधवारी रात्री फोनवर ३२ हजारावर बसलं. "शनिवारी गाडी घेऊन येतो, रोख देतो." मी म्हणलं, या. इसार घ्यायचं डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी रात्री पाऊस झाला. कृषीवाले ७५ ते १०० मिमी पडल्याशिवाय पेरू नका म्हणायलेत, पण मृगाचं पाणी पडल्यावर लोकायला दम निघतो का? आज सांजच्याला मंठ्याकडचा एक जण सरळ घरी आला. ३७ हजार खाटेवर ठेवले. मी म्हणलं, दिलंय. तो म्हणला, "दिलंय तर मग इथं काय करायलंय?"

नंबर देऊन गेलाय, सकाळी आठपर्यंत सांगा म्हणून. मी नाहीच म्हणणार आहे. पण भाऊ तवापासून बोलंना, अन् पाच हजार म्हणजे सोयाबीनच्या दीड-दोन बॅगा हो. मी येडा आहे का तेवढं सांगा.

काळीभोर
येडे नाही, भोळे आहात. इसाराशिवाय सौदा नसतो, हे आमच्या आज्यापासून चालत आलंय. इसार कशासाठी असतो? घेणारा फिरला तर त्याचा बुडाला, देणारा फिरला तर आमच्याकडं दुप्पट परत करायची रीत. दोघांच्याही मानेला दावं. तुमच्या सौद्यात दावं फक्त तुमच्या मानेला आहे, तेबी तुम्ही स्वतःच बांधून घेतलंय. सेलूवाला उद्या आला नाही तर त्याचं काय वाकडं होणार? सकाळी मंठ्याला फोन लावा.

हाळीवाला (उदगीर)
आमचे वडील हाळीच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचे. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, बाजूला उभा असणाऱ्यालाबी आकडा कळत नाही. बोट सुटलं की सौदा झाला. पावती फाटते ती नंतर. मी लहानपणी एकदाच बघितलंय, एकानं बोट सुटल्यावर हजार रुपये जास्त मिळतात म्हणून शब्द फिरवला. देवणी बैलाची जोडी होती. कुणी शिव्या दिल्या नाहीत की भांडण नाही. पुढच्या बाजाराला त्याच्या रुमालात कुणी हातच घालंना. बैल घेऊन आला तसा घेऊन गेला.

तेव्हा काळीभोर भाऊ, इसार हा अनोळखी माणसासाठी. शब्द त्याच्या आधीचा आहे.

पण दुधनाकाठ, तुमचंबी एक चुकलंय. बाजारात बोट सुटलं की लगेच कासरा हातात देतेत. "शनिवारी येतो" म्हणणाऱ्याला तिथं कुणी उभं करत नाही.

काळीभोर
तेच तर सांगायलोय की! बाजारात हजार माणसं बघतेत, म्हणून शब्द टिकतो. इथं फोनवर दोघंच. कोण बघायलंय?

हाळीवाला (उदगीर)
भाचा बघायलाय. अन् सेलू काही लंडनला नाही.

गुलमंडीची ताई
मी संभाजीनगरची. घर बदलताना फ्रिज विकायला काढला होता, ७ हजार. एका मुलानं "फायनल, रविवारी येतो ताई" सांगितलं. त्यानंतर चार जणांचे फोन आले, एक तर साडेसातला तयार होता. मी सगळ्यांना "गेला" म्हणून सांगितलं. रविवारी दिवसभर वाट बघितली. संध्याकाळी फोन लावला तर बंद. सोमवारी टेम्पो ठरलेला. शेवटी फ्रिज भंगारवाल्याला १८०० ला दिला, आणि तो उचलून नेताना माझ्याकडे बघून हसत होता असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून माझा नियम सोपा आहे. जो आधी ५०० रुपये फोनवरून पाठवेल, वस्तू त्याची. ज्यांना शब्दाचं कौतुक आहे त्यांनी सांगावं, विकणाऱ्याचाच शब्द का असतो नेहमी? घेणारा "बघतो" म्हणून निघून गेला तर त्याला कुणी शब्द फिरवला म्हणत नाही.

कोर्टकचेरी (लातूर)
ताईंचा राग बरोबर आहे, पण कायदा काळीभोर म्हणतात तसा नाही. वकिली करतो म्हणून बोलतो.

१९३० चा मालविक्री कायदा, कलम ५: विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो. इसार दिलाच पाहिजे असं कुठंही नाही. पुढे कलम २० तर गमतीचं आहे. वस्तू ठरलेली, द्यायला तयार, सौदा बिनशर्त, एवढं असेल तर मालकी सौदा झाल्याक्षणीच घेणाऱ्याकडे जाते. पैसे आणि ताबा नंतर द्यायचे ठरले असले तरी. म्हणजे बुधवारी रात्री तुम्ही फोन ठेवला तेव्हापासून यंत्र सेलूवाल्यांचं. तुम्ही नुसती राखण करताय.

आणि मंठ्यावाल्याला "दिलंय" असं तुम्ही स्वतः सांगितलंत. त्याला काही माहीत नसतं आणि त्यानं प्रामाणिकपणे विकत घेऊन नेलं असतं, तर कलम ३० खाली त्याची खरेदी टिकली असती, सेलूवाल्यांना तुमच्याकडूनच भरपाई मागावी लागली असती. आता त्याला "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहिली नाही. जमीन किंवा घर असतं तर गोष्ट वेगळी, तिथं लेखी आणि नोंदणी लागते.

काळीभोर
वकीलसाहेब, एक सांगा. आज रात्री ते यंत्र चोरीला गेलं तर नुकसान कुणाचं?

कोर्टकचेरी (लातूर)
वेगळं काही ठरलं नसेल तर ज्याची मालकी त्याचं नुकसान. म्हणजे सेलूवाल्यांचं.

काळीभोर
हां! मग आता सगळ्यांनी छातीवर हात ठेवून सांगा. उद्या सकाळी दुधनाकाठनं फोन केला, "पाहुणे, रात्री तुमचं यंत्र चोरीला गेलं, ३२ हजार घेऊन या", तर तो येईल का? तो म्हणेल, मला कुठं दिलं होतंत? तुमचं कलम पुस्तकात शोभतं साहेब. ज्या सौद्यात नुकसान झालं तर माझं अन् फायदा झाला तर तुझा, त्याला मी शब्द म्हणत नाही.

कोर्टकचेरी (लातूर)
मुद्दा चांगला काढलात. बिनशर्त सौदा होता की "येऊन पैसे देईन तेव्हा माझं" असं दोघांच्या मनात होतं, यावर कोर्टात वाद घालता येईल. पण पाच हजारांसाठी तो वाद कुणी घालणार नाही, हेही खरं.

सिडको एन-७
मधेच विचारतो, माफी असावी. माझी जुनी स्प्लेंडर मी तोंडीच विकलीये. पैसे मिळाले, गाडी दिली, कागद "नंतर करू" म्हणाला. सहा महिने झाले. तीही त्याचीच ना?

कोर्टकचेरी (लातूर)
तुमच्या दोघांपुरती त्याची. पण आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं आहे, आणि २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत नाव ज्याचं तोच मालक. त्या प्रकरणात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी अडकला पहिला. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून उद्याच्या उद्या मोकळे व्हा. तिथं शब्दाचं कौतुक नको.

पैठणचा नाथभक्त
मला एकच विचारायचंय. पाऊस पडला नसता अन् भाव २५ वर आला असता, तर सेलूवाल्यानं ३२ दिले असते का? उत्तर "नाही" असेल तर दुधनाकाठनं ३७ घ्यावेत.

हाळीवाला (उदगीर)
त्यानं काय केलं असतं ते त्याला विचारा. मी काय करणार ते माझ्यापाशी आहे.

गुलमंडीची ताई
पैसेही तुमच्यापाशी असू द्या मग.

माळेगावची वाट
सगळे शब्दाचं बोलायलेत, पण त्यात एक ओळ हाय "भाऊ बोलंना", ती कुणी वाचली का? यंत्र दोघांचं हाय का एकट्याचं? आमच्या घरी असंच झालंतं. मोठ्या भावानं सामाईक शेळ्या यात्रेत परस्पर कबूल केल्या, लहान म्हणला, मी कुणाला शब्द दिला? हिस्सेदार असताना एकट्यानं शब्द देणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणं. सेलूवाल्याच्या आधी भावाचा हिशोब करा.

दुधनाकाठ (परतूर)
दोघांचं आहे. भावाला मंगळवारी सांगितलं होतं, तो "बघ तू" म्हणलाता. म्हणजे हो का नाही, आता कळंना.

झोपतो. सकाळी सांगतो.

दुधनाकाठ (परतूर), शनिवार संध्याकाळ
मंठ्याला सातलाच फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो काही बोलला नाही, ठेवला.

सेलूवाले साडेअकराला पिकअप घेऊन आले. खाली उतरले, यंत्राला एक फेरी मारली अन् खताच्या पेटीला टिचकी मारून म्हणले, "पत्रा गंजलाय, डिझेलबी लागलं, ३० घ्या." मला इतका राग आला की शब्दच फुटंना. रात्रभर ह्याच्यासाठी जागलो मी! तेवढ्यात त्यांचा भाचाच म्हणला, "मामा, पत्रा तर त्यांनीच दाखवला होता मंगळवारी. ३२ म्हणलाव ना तुम्ही." मामा गप झाले. ३२ मोजले. चहा घ्या म्हणलं, थांबले नाहीत.

आता खरी गोष्ट. यंत्र गाडीत चढल्यावर भाऊ घरातून बाहेर आला. काल सांजपासून पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला. पैसे हातात घेतले, साडेअठरा हजार मोजून खिशात घातले अन् बाकी माझ्या हातावर ठेवले. म्हणला, "३७ चं निम्मं माझं. शब्द तुझा होता."

मला साडेतेरा राहिले.

काळीभोर
भावाचं बरोबर आहे.

हाळीवाला (उदगीर)
मलाबी तसंच वाटायलंय. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

कोर्टकचेरी (लातूर)
या वाटणीला कलम नाही माझ्याकडे.

गुलमंडीची ताई
आणि वहिनी काय म्हणाल्या?

दुधनाकाठ (परतूर)
साडेतेरा मोजले, कपाटात ठेवले अन् चावी पदराला बांधली.