नॉर्स म्हणजे नॉर्वेजियन का?

भाषांतरी: ग्रीनलंडवरच्या लेखात 'नॉर्स वसाहतकार'चं मी 'नॉर्वेजियन वसाहतकार' केलं. संपादकांनी खोडलं. कोशात तर दोन्ही एकच दिसतं. फरक काय?

डोलकाठी: खोडलं ते योग्यच. एरिक द रेड जन्मानं नॉर्वेचा, पण 985च्या सुमारास ग्रीनलंडला माणसं नेली ती आइसलंडहून. 1021 साली कॅनडातल्या न्यूफाउंडलंडात लाकूड तोडणारेही त्याच गोतावळ्यातले. नॉर्स म्हणजे मध्ययुगातली स्कँडिनेव्हियन भाषा आणि ती बोलणारे. नॉर्वेजियन म्हणजे एका देशाचे. 'व्हायकिंग'ही नको, तो लुटीच्या सफरीवर निघालेल्याचा धंदा झाला. शेत कसणारा कसला व्हायकिंग!

तळटीप: आणि कोशाचा घोळ डचांमुळे. इंग्रजीनं हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस डचमधून घेतला. 'नोर्द' म्हणजे उत्तर, त्याला प्रत्यय लागून 'नोर्दश', मग 'द' गळून 'नोर्श'. आजच्या डचमध्ये 'नोर्स' म्हणजे सरळ नॉर्वेजियन. नॉर्स माणसं मात्र आपल्या बोलीला 'डॅनिश जीभ' म्हणत, आइसलंडात बसूनसुद्धा.

शब्दवेल्हाळ: मुळात संस्कृत 'नार', म्हणजे पाणी. नारायण आठवा. दर्यावर्दी लोक, पाण्यावरचे!

तळटीप: 'नॉर्थ'मधला 'थ' कुठे बुडवलात? उत्तरेचा संबंध डाव्या हाताशी असावा, असा एक तर्क आहे. इटलीतल्या प्राचीन उंब्रियन भाषेत 'नेर्त्रु' म्हणजे डावा. पूर्वेला तोंड केलं की उत्तर डावीकडे येते. आपल्या 'दक्षिण'चा अर्थ उजवा, तो याच हिशेबानं.

शब्दवेल्हाळ: मग मराठीत 'औदीच्य', म्हणजे उत्तरेकडचे, म्हणा की. उसना शब्द कशाला?

डोलकाठी: 'औदीच्य वसाहतकार' वाचून लोक गुजरातचे औदीच्य ब्राह्मण बर्फात उतरवतील. नॉर्सच ठेवा.

शब्दवेल्हाळ: ठेवा, पण 'नॉर्स पुराणकथा' नको. पुराणं अठरा, ठरलेली.

तळटीप: ग्रीक पुराणकथा चालतात तेव्हा ही हरकत कुठे असते? खरी चूक 'थॉर' या त्यांच्या गडगडाटाच्या देवाच्या नावात आहे. त्यांचा उच्चार जीभ दातांत धरून घर्षणाचा, आपला 'थ' स्फोटक, म्हणजे हवा अडवून सोडलेला. आज नॉर्वेत 'तूर' म्हणतात.

डोलकाठी: 'तूर' लिहिलंत तर वाचक डाळ शिजवतील.

भाषांतरी: 'वसाहतकार' तरी बरोबर आहे ना?

शब्दवेल्हाळ: 'तूर'चा ऊ दीर्घ कशावरून?