सरचार्ज माफी म्हणजे कॅशबॅक नव्हे

बीपीसीएल (भारत पेट्रोलियम) एसबीआय या पेट्रोलसाठीच्या क्रेडिट कार्डाबद्दल कुणीतरी ‘४.२५ टक्के परत मिळतात, डोळे झाकून घ्या’ असं लिहिलंय, म्हणून हा हिशोब मांडतो. कार्डाच्या जाहिरातीतल्या त्या आकड्यात १ टक्का सरचार्ज माफीचा आहे. पंपावर क्रेडिट कार्ड वापरलं की सरचार्ज म्हणजे जादा आकार लागतो, तोच परत येतो. त्यावरचा जीएसटी सहसा येत नाही. रोख किंवा बँक खात्यातून यूपीआयने दिले असते तर तो लागलाच नसता! म्हणजे खरी बचत ३.२५ टक्के: १०० रुपयांना १३ पॉइंट, ४ पॉइंटांचा १ रुपया, तेही भारत पेट्रोलियमच्याच पंपावर.

आता फी. ४९९ अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ५८९. महिन्याला १,५०० चं पेट्रोल टाकणाऱ्या स्कूटरवाल्याला वर्षाला ५८५ सुटतात, म्हणजे सगळे फीतच गेले. ५,००० टाकणाऱ्याला १,९५०, तिथे मात्र जरूर घ्यावं. कार्डावर वर्षात ५०,००० खर्च झाला तर फी माफ होते, पण त्यासाठी नको ती खरेदी करू नका.

पंपावर टाकी भरताना रक्कमही बघा. बऱ्याच कार्डांवर ४०० किंवा ५०० च्या खाली सरचार्ज माफी मिळत नाही. रोज २०० चं टाकण्यापेक्षा एकदम भरा.

आणि कृपा करून बिल पूर्ण भरा. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. तेवढ्यात सगळी कमाई जाते.