शब्दचर्चा : पोलादातली 'धान्यसीमा'?

कार्ब्युराइझ केलेल्या (पृष्ठभागात कार्बन मुरवलेल्या) गिअरवरच्या एका भाषांतरात 'धान्यसीमांवर सिमेंटाइटचे जाळे' असं वाचलं. सिमेंटाइट म्हणजे लोखंड आणि कार्बनचं संयुग. पोलादात धान्य कुठून आलं? ग्रेन बाउंड्रीला मराठीत काय म्हणावं?

— धान्य कोशातून आलं, दुसरं कुठून! पहिलाच अर्थ उचललाय. 'कणसीमा' चालतो, पण कण म्हटलं की सुटा, फुंकरीने उडणारा वाटतो. इथे ग्रेन म्हणजे शेजारच्याला चिकटून बसलेला स्फटिक. 'रवा' जवळचा, रवाळ तुपातला.

— तुपात रव्यांच्या मध्ये पातळ तूप असतं हो. पोलादात मध्ये असते ती दोन-चार अणूंच्या रुंदीची विस्कटलेली पट्टी, बस. मी हीट ट्रीटमेंटच्या लॅबमध्ये काम करतो. बोलताना 'ग्रेन बाउंड्री'च म्हणतो, पण नव्या पोरांना 'बांध' सांगतो. शेजारच्या दोन वावरांत तासं वेगवेगळ्या दिशांना असावीत, तशा दोन ग्रेनमधल्या अणूंच्या ओळी. आणि नको ते सगळं बांधावरच माजतं. 0.2 टक्के कार्बनचं पोलाद साधारण 930 अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत ठेवून पृष्ठभागाचा कार्बन 0.8 टक्क्यांच्या आसपास न्यायचा असतो. तो फार चढला आणि गिअर सावकाश थंड झाला, तर जास्तीचा कार्बन सिमेंटाइट होऊन बांधाबांधाने साचतो. नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) एचिंग केलं, म्हणजे पॉलिश केलेला पृष्ठभाग किंचित खाऊ दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना जोडलेल्या पांढऱ्या रेघा दिसतात. म्हणून 'जाळे' शब्द मात्र चोख आहे. ठिसूळ असतं ते, तडा त्याच वाटेने पळतो.

— याच पोलादात बांधावर ऑक्सिडेशनही होतं म्हणे. त्याला 'गंज' म्हणू?

— नको. गंज लोखंडाला चढतो. इथे भट्टीतल्या वायूतला ऑक्सिजन मँगेनीज, क्रोमियम, सिलिकॉनला गाठतो, लोखंड तसंच राहतं. एचिंगच्या आधी, नुसत्या पॉलिशवरच काळ्या रेघा दिसतात. खोली जेमतेम दहा-वीस मायक्रॉन. पण ही मूलद्रव्यं तिथे अडकल्याने लगतची जागा नीट कडक होत नाही, मार्टेन्साइट या कडक रचनेऐवजी मऊ काहीतरी बनतं. गिअरच्या दाताच्या मुळाशी हे फार जाचतं. 'सीमेवरचं ऑक्सिडीकरण' लिहा, लांब असलं तरी.

— मग लेखात 'कणसीमा' आणि पहिल्यांदा येईल तिथे बांधाची उपमा, असं करतो. आणि क्वेंचिंगला, म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून झटकन थंड करण्याला, 'पाणी देणे'?

— विळ्याला शोभतं. गिअर आम्ही तेलात बुडवतो. तरी आमचे जुने मिस्त्री 'पाणी बरोबर बसलंय' असंच म्हणतात.